खेळातून उपचार आणि बालकांची शरीरस्थिती

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ अन्वये मान्य झालेल्या २१ प्रकारांमध्ये सेरेब्रल पाल्सीचा, म्हणजे मेंदूच्या पक्षाघाताचा, समावेश आहे. जन्मापूर्वी, जन्मसमयी किंवा त्यानंतर लवकरच विकसनशील मेंदूस इजा झाल्याने स्नायूंवरील नियंत्रण बिघडते. ही इजा वाढत नाही. शरीर मात्र वाढते. ताठर स्नायू हाडांच्या वाढीइतके लांबत नाहीत. त्यामुळे घोटे व गुडघे आखडतात, खुब्याचा सांधा निखळू शकतो, पाठीचा कणा वाकतो आणि अखेरीस श्वसनावर ताण येतो. शरीरस्थितीचा प्रश्न अशा रीतीने संपूर्ण आरोग्याचा प्रश्न ठरतो.

या क्षेत्रात कोलकाता शहराचे स्थान महत्त्वाचे आहे. मुंबईत १९७२ मध्ये स्पास्टिक्स सोसायटीचे कार्य सुरू झाल्यावर दोनच वर्षांनी, १९७४ मध्ये, कोलकात्यात तशीच संस्था उभी राहिली; तीच आजची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सेरेब्रल पाल्सी. अस्थिव्यंगांसाठीची राष्ट्रीय संस्था केंद्र सरकारने १९७८ मध्ये याच शहरातील बन-हुगळी भागात स्थापन केली.

तथापि तज्ज्ञ संस्थेच्याही मर्यादा असतात. आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास उपचार मिळाला, तर आठवड्याच्या १६८ तासांपैकी केवळ एक तास उपयोगी पडतो. उरलेल्या १६७ तासांत मूल कसे निजते, कसे बसते, त्याला कडेवर कसे घेतले जाते, यावर त्याच्या सांध्यांचे भवितव्य अवलंबून असते. खेळाचे महत्त्व येथे आहे. व्यायाम म्हटला की मूल रडते, अंग अधिकच ताठरते. खेळात तीच हालचाल ते स्वेच्छेने पुनःपुन्हा करते.

पद्धती साधी आहे. छातीखाली लोड देऊन मुलाला पालथे निजवावे व समोर खुळखुळा धरावा. मान उचलली जाते, पाठीचे स्नायू बळावतात. बंगाली घरांतून आढळणारी ‘पाशबालिश’ ही लांबट उशी यासाठी चालण्यासारखी आहे. पायांची कात्री होणाऱ्या मुलाला लोडावर घोड्यासारखे बसविल्यास मांड्या विलग राहतात. पावले जमिनीवर टेकतील अशा बाकावर बसवून पुढ्यात ठोकळे ठेवल्यास धड स्थिरावते, हात मोकळे होतात. कोणता खेळ कोणत्या स्थितीत, हे मात्र फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टनेच ठरवावयाचे असते. तसेच आधारपट्टे, खुब्याची नियमित क्ष-किरण तपासणी व प्रसंगी शस्त्रक्रिया यांना खेळ हा पर्याय नव्हे.

२०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि विकासातील विलंब आढळल्यास मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेखाली १ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने यातील एक खर्च कोणत्याही हिशेबात दिसत नाही. घरचा खेळ ‘स्वस्त’ ठरतो तो आईच्या वेळेला मोल दिले जात नाही म्हणून. रोजंदारीवरील स्त्रीने एक दिवस केंद्रात घालविला, की प्रवासखर्चासोबत त्या दिवसाची मजुरीही जाते. अनेक मुलांचे उपचार खंडित होतात ते याच टप्प्यावर. उपचार नि:शुल्क असला तरी ही मजुरी भरून निघत नाही. थेरपिस्टने ठरावीक वारी वस्तीतील अंगणवाडीत येऊन खेळ शिकविल्यास हा बोजा बराच कमी होऊ शकतो.