नादाचें बळ आणि संगणकावरील स्वरलिपि

मनमाडहून भुसावळकडे जातांना नांदगांवचें स्टेशन लागतें. तेथें न थांबणारी गाडी फलाटावरून निघून जाते, तेव्हां तिचा आवाज दुरून मंद येतो, क्षणोक्षणीं वाढतो आणि मग विरून जातो. नादाच्या या चढउतारासाठीं पाश्चात्त्य स्वरलिपींत स्वतंत्र चिन्हें आहेत. मंद स्वराचें 'पी' व मोठ्याचें 'एफ्' हीं 'पियानो' आणि 'फोर्ते' या इटालियन शब्दांचीं आद्याक्षरें होत. वाढत्या बळासाठीं उघडत जाणाऱ्या दोन रेघा काढतात, ओसरत्या बळासाठीं मिटत जाणाऱ्या. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) व पं. विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांच्या लिपींत स्वर, सप्तक व मात्रा यांच्या खुणा आहेत. बळ मात्र बहुतांशीं गुरुमुखावर सोपविलेलें असतें.

संगणकाला गुरु नसतो. त्याला सर्व कांहीं आंकड्यांतच सांगावें लागतें. 'म्यूझस्कोअर'सारख्या आज्ञावलींत लिहिलेली रचना तो तत्काळ वाजवून दाखवितो. परंतु पुष्कळदां चिन्ह कागदावर स्पष्ट दिसतें आणि स्वर मात्र सारे एकाच बळानें वाजतात. नवा रचनाकार मग आपली रचनाच नीरस समजतो आणि चांगली ओळ खोडून टाकतो. वस्तुतः दोष रचनेंत नसून चिन्ह लिहिण्याच्या रीतींत असतो.

पहिलें कारण अगदीं साधें. 'पी' हें अक्षर सामान्य मजकूर म्हणून टंकिलें, तर संगणक तें केवळ अक्षर समजतो. चिन्हांच्या संचांतून घेतलेल्या 'पी'च्या मागें मात्र आंकडा असतो. १९८३ सालीं प्रचारांत आलेल्या 'मिडी' संकेताप्रमाणें आघाताचें बळ १ ते १२७ या अंकांत सांगतात. म्यूझस्कोअरमध्यें 'पी'ला ४९, मध्यम बळाच्या 'एम्एफ्'ला ८० आणि 'एफ्'ला ९६ असे अंक मुळांत योजिलेले आहेत.

दुसरें कारण चिन्हाच्या सत्तेचें. तें एका ओळीपुरतें कीं वाद्याच्या सर्व ओळींस लागू, हें पाहावें लागतें. उघडत्या रेघांच्या शेवटीं पोहोंचण्याचें चिन्हही द्यावें. नाहीं तर कोठवर चढावयाचें तें संगणक अंदाजानें ठरवितो.

तिसरें कारण अधिक सूक्ष्म आहे. तबल्यावर थाप पडली कीं तिचें बळ त्याच क्षणीं ठरलें. मागाहून तें वाढवितां येत नाहीं. पियानोचेंही तसेंच. यास्तव त्याच्या एकाच लांब स्वराखालीं वाढीच्या रेघा काढल्या व तो वाढला नाहीं, तर संगणक चुकला असें नव्हे. पेटीची गोष्ट निराळी: पट्टी कितीही जोरानें दाबली तरी बळ येतें तें भात्याच्या दाबानें. बांसरी, सारंगी व कंठ यांचा स्वरही चालू असतांनाच फुलतो. अशा वाद्यांसाठीं आघाताचा अंक पुरत नाहीं. 'मिडी'तील ११ क्रमांकाचा, अभिव्यक्तीचा, नियंत्रक चालावा लागतो, आणि निवडलेल्या ध्वनिसंचांत तो मानण्याची सोय असावी लागते.

म्हणून रचना बदलण्यापूर्वीं दोनच मात्रांची परीक्षा घ्यावी: एक स्वर 'पी'नें व एक 'एफ्'नें. दोहोंत फरक ऐकूं आला, तर साध्या चिन्हांचा मार्ग मोकळा आहे. मग रेघा व ध्वनिसंच तपासावे. फरक नसेल, तर प्रथम चिन्हाची जात पाहावी. इतकें झाल्यावरही ओळ नीरस वाटली, तरच लेखणी रचनेकडे वळवावी.