मानाची जागा आणि जुबाचा ठेका : कॉन्सर्टोविषयी थोडेसे

पाश्चात्त्य अभिजात संगीत म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांना ते परके वाटते. झगमगत्या सभागृहातले, काळ्या कोटातल्या वादकांचे आणि पोट भरलेल्या श्रोत्यांचे संगीत, अशी त्याची प्रतिमा आपल्या मनात असते. ही प्रतिमा सर्वस्वी खोटी नाही. परंतु त्या सभागृहात ज्यांना सहजासहजी प्रवेश नव्हता, अशा माणसांनीही या संगीतात स्वतःची निर्मिती केली आहे. कॉन्सर्टो हा त्या संगीतातील एक प्रमुख रचनाप्रकार. तो काय आहे, आणि फ्लॉरेन्स प्राईस या अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रीने त्याचे काय केले, हे या लेखात पाहावयाचे आहे.

कॉन्सर्टो म्हणजे एक वाद्य आणि सबंध वाद्यवृंद यांच्यासाठी केलेली रचना. पियानो, व्हायोलिन, चेलो, बासरी यांपैकी कोणतेही वाद्य एकल म्हणून निवडता येते. त्याच्यासमोर वाद्यवृंद असतो. त्यात वीस-पंचवीसपासून ऐंशी-नव्वदपर्यंत वादक असू शकतात. कोणी केव्हा, काय आणि किती जोरात वाजवायचे हे रचनाकाराने स्वरलिपीत अगोदरच लिहून ठेवलेले असते. आपल्याकडचा पोवाडा डोळ्यांसमोर आणला तर ही मांडणी समजायला सोपी जाते. शाहीर पुढे उभा राहतो आणि झीलकरी मागून त्याला साथ देतात. फरक असा की, झीलकरी बहुधा शाहिराचीच ओळ उचलून धरतात. कॉन्सर्टोतला वाद्यवृंद मात्र एकल वाद्याला अडवतो, प्रश्न विचारतो, कधी त्याचे म्हणणे हिसकावून घेऊन स्वतःच मांडू लागतो. ‘कॉन्सर्टो’ या शब्दाचे मूळ सांगतानाही दोन अर्थ दिले जातात. इटालियनमध्ये ‘कॉन्चेर्तारे’ म्हणजे एकमेकांशी जुळवून घेणे. लॅटिनमध्ये त्याच क्रियापदाचा अर्थ झगडणे, वाद घालणे. हे दोन्ही अर्थ या रचनाप्रकारात एकत्र नांदतात.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात व्हेनिसच्या अँतोनिओ विवाल्डीने या प्रकाराला पक्का आकार दिला. त्यात साधारणतः तीन भाग असतात : पहिला जलद, दुसरा संथ, तिसरा पुन्हा जलद. पुढे मोझार्ट, बेथोव्हेन, ब्राम्स यांनी त्याचा विस्तार केला. यातील एक जागा लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिला ‘कॅडेन्झा’ म्हणतात. या ठिकाणी सगळा वाद्यवृंद गप्प होतो आणि एकल वादक एकटाच वाजवतो. अनेकांनी थांबून एकाचे ऐकून घ्यायचे, असा हा संकेत आहे.

येथेच संगीताबाहेरचा एक प्रश्न उभा राहतो. त्या मानाच्या जागी कोणी उभे राहायचे? अनेकांनी कोणासाठी गप्प बसायचे? कागदावरची स्वरलिपी वर्ण ओळखत नाही, पण समाज ओळखतो.

अठराव्या शतकातलेच उदाहरण घेऊ. जोसेफ बोलोन, म्हणजेच शव्हालिए द सँ-जॉर्ज, याचा जन्म १७४५ मध्ये ग्वादलूप या फ्रेंच वसाहतीत झाला. बाप गोरा मळेवाला, आई नानों ही गुलाम. पॅरिसमध्ये वाढलेला हा तरुण अव्वल दर्जाचा व्हायोलिनवादक झाला. १७७२ मध्ये स्वतः रचलेले व्हायोलिन कॉन्सर्टो त्याने एकल वादक म्हणून वाजवले, आणि पुढच्याच वर्षी तो त्या वाद्यवृंदाचा प्रमुख झाला. परंतु १७७६ मध्ये पॅरिसच्या ऑपेराचे संचालकपद त्याला मिळण्याचा संभव निर्माण होताच तेथील नामांकित गायिका-नर्तिकांनी राणीकडे अर्ज केला. मिश्रवर्णीय माणसाचा हुकूम आम्ही पाळणार नाही, असा त्या अर्जाचा आशय होता. पद गेले. त्याचे वादन ऐकायला सगळे तयार होते. त्याचा अधिकार मानायला नव्हते.

या घटनेनंतर सुमारे दीडशे वर्षांनी फ्लॉरेन्स प्राईस यांनी आपला पियानो कॉन्सर्टो लिहिला. त्यांचा जन्म १८८७ मध्ये आर्कन्सा राज्यातील लिटल रॉक येथे झाला. वडील दंतवैद्य, आई शिक्षिका. बॉस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत त्या शिकल्या आणि १९०६ मध्ये पदवीधर झाल्या. तेथील नोंदीत त्यांचे गाव मेक्सिकोतील पुएब्लो असे लावलेले आढळते. काळी म्हणून होणारा जाच टळावा यासाठी आईने सुचवलेली ही तोड होती. नाव-गाव लपवून शिकावे लागणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. १९२७ मध्ये लिटल रॉकमध्ये गोऱ्या जमावाने एका कृष्णवर्णीय माणसाला हालहाल करून मारले. त्याच वर्षी प्राईस कुटुंबाने दक्षिण सोडून शिकागो गाठले. तेथे १९३३ च्या जून महिन्यात शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्राने त्यांची पहिली सिंफनी वाजवली. अमेरिकेतील एखाद्या मोठ्या वाद्यवृंदाने कृष्णवर्णीय स्त्रीची सिंफनी वाजवण्याचा तो पहिलाच प्रसंग.

पियानो कॉन्सर्टो त्याच्या पुढच्या वर्षीचा, १९३४ चा. त्याचे वादन साधारण अठरा मिनिटे चालते. रूढ तीन भाग येथे न थांबता एकमेकांत मिसळतात, म्हणून त्याला ‘एकाच भागातला कॉन्सर्टो’ असे नाव आहे. सुरुवातीला वाद्यवृंद थोडेसे बोलतो आणि लगेच पियानोचा कॅडेन्झा येतो. पुष्कळ कॉन्सर्टोंमध्ये ही जागा एखाद्या भागाच्या शेवटाकडे असते. येथे पियानो आरंभीच सगळ्यांना थांबवून आपले म्हणणे मांडतो.

मधल्या संथ भागात याच्या नेमके उलटे घडते. तेथे वाद्यवृंदातले ओबो हे फुंकून वाजवायचे वाद्य मुख्य धून गाते आणि पियानो त्याला साथ करतो. ही धून गुलामांच्या भक्तिगीतांच्या वळणाची आहे. एकाने हाक द्यावी, बाकीच्यांनी प्रतिसाद द्यावा, ही मळ्यांवरच्या आणि चर्चमधल्या गाण्याची रीत होती. प्राईस यांनी ती कॉन्सर्टोच्या मूळ स्वभावाशी जोडली. मानाच्या जागेवर बसलेले वाद्य काही काळ ती जागा दुसऱ्याला देते आणि त्यामुळे लहान होत नाही.

शेवटचा भाग ‘जुबा’ या नृत्याच्या ठेक्यावर आहे. या ठेक्याचा इतिहास पाहिल्याशिवाय त्याची ताकद कळत नाही. १७३९ मध्ये दक्षिण कॅरोलिनात स्टोनो येथे गुलामांनी उठाव केला. ते ढोल वाजवत निघाले होते. पुढच्याच वर्षी त्या वसाहतीने कायदा करून गुलामांना ढोल बाळगण्यास मनाई केली. ढोलाचा आवाज दूरवर निरोप पोचवतो, माणसे गोळा करतो, याची मालकांना धास्ती होती. पण हातातले वाद्य काढून घेता येते, हात काढून घेता येत नाहीत. गुलामांनी मांड्या, छाती, तळवे यांवर थापा मारून ठेका धरला आणि पायांनी ताल दिला. हाच जुबा. आपल्याकडे गावकीत हलगी वाजवणे ही सक्ती होती. तेथे ढोल वाजवणे हा गुन्हा होता. दोन्हीकडे वाद्यावरचा हुकूम दुसऱ्याचाच.

कॉन्सर्टोचा शेवटचा भाग हा परंपरेने विजयाचा, टाळ्यांचा भाग. प्राईस यांनी तेथे गुलामांच्या अंगावरचा ठेका आणून बसवला. ऐकताना तो हसरा, उड्या मारणारा वाटतो. दुःखाचे प्रदर्शन त्यात कोठेही नाही. संपूर्ण वाद्यवृंदाला, म्हणजे युरोपच्या सगळ्या वाद्यपरंपरेला, त्या ठेक्यावर चालावे लागते.

१९३४ मध्ये प्राईस यांनी स्वतः हा कॉन्सर्टो शिकागोत वाजवला. त्याच वर्षी त्यांची शिष्या मार्गारेट बाँड्स हिने शिकागोच्या महिला वाद्यवृंदाबरोबर तो सादर केला. त्यानंतर मोठ्या वाद्यवृंदांची दारे फारशी उघडली नाहीत. १९४३ मध्ये प्राईस यांनी बॉस्टन सिंफनीचे संचालक सर्ज कुसेवित्स्की यांना पत्र लिहिले. आपल्यापुढे स्त्रीत्व आणि वर्ण असे दोन अडथळे आहेत, हे त्यांनी त्यात स्पष्टपणे सांगितले, आणि आपले संगीत केवळ गुणांवर तपासावे अशी विनंती केली. कुसेवित्स्की यांनी त्यांची एकही रचना वाजवली नाही. १९५३ मध्ये प्राईस वारल्या.

पुढे या कॉन्सर्टोची वाद्यवृंदासाठीची संहिता हरवली. उरलेल्या पियानोच्या प्रतींवरून रचनाकार ट्रेव्हर वेस्टन यांनी २०११ मध्ये वाद्यवृंदाचा भाग नव्याने उभा केला. मूळ संहिता त्यानंतर हाती लागली. त्याआधी २००९ मध्ये शिकागोच्या दक्षिणेला सेंट अ‍ॅन या गावी एका पडक्या घरात कागदांचे गठ्ठे सापडले होते. ते घर एकेकाळी प्राईस यांचे उन्हाळी निवासस्थान होते. त्या गठ्ठ्यांत त्यांचे दोन व्हायोलिन कॉन्सर्टो होते : एक १९३९ चा, दुसरा १९५२ चा, म्हणजे मृत्यूच्या आदल्या वर्षाचा. छप्पर गळत होते. आणखी काही पावसाळे गेले असते तर हे संगीत कधी होते हेही कळले नसते.

अशा रचना ‘विस्मृतीत गेल्या’ असे आपण सहज म्हणतो. परंतु विस्मृती आपोआप येत नाही. स्वरलिपी कोणी छापायची, वाद्यवृंदाने कोणते कागद कपाटात जपायचे, वर्गात कोणाची रचना शिकवायची, हे माणसे ठरवतात. बेथोव्हेनच्या खाडाखोडीच्या वह्याही जपल्या गेल्या. प्राईस यांचे पूर्ण झालेले कॉन्सर्टो गळक्या घरात पडून राहिले. दोन्हींमधले अंतर केवळ प्रतिभेचे आहे असे म्हणायला कोणी धजावेल का?

आज हे तिन्ही कॉन्सर्टो ध्वनिमुद्रित झालेले आहेत. ज्यांनी हे संगीत कधीच ऐकलेले नाही त्यांनी पियानो कॉन्सर्टोपासून सुरुवात करावी. पहिल्या ऐकण्यात फक्त एवढेच पाहावे की केव्हा एकच वाद्य बोलते, केव्हा सगळी बोलतात आणि कोण कोणाला वाट करून देते. शिक्षकांनी वर्गात शेवटची चार-पाच मिनिटे ऐकवून मुलांना मांडीवर ठेका धरायला सांगावे. जुबा म्हणजे काय हे व्याख्यानापेक्षा लवकर कळेल. आणि कार्यकर्त्यांनी त्या पडक्या घराची आठवण ठेवून आपापल्या गावात एक चौकशी करावी : आपल्या जलसाकारांच्या, शाहिरांच्या गाण्यांच्या वह्या आज कोणाच्या ट्रंकेत आहेत, आणि त्या ट्रंकेवरचे छप्पर शाबूत आहे काय?