गोडाऊनचा जुना स्कॅनर बदलायचाय? आधी हे तपासा



सातारा असो की सांगली, ट्रेनिंगमध्ये एक प्रश्न हमखास येतो: "सर, गोडाऊनमधला बारकोड स्कॅनर नीट वाचत नाही, नवीन कुठला घेऊ?" मी उलट विचारतो, नेमकं काय वाचत नाही? कारण निम्म्या वेळा दोष स्कॅनरचा नसतोच, लेबलचा असतो.

रिबन न वापरता छापलेलं साधं थर्मल लेबल उन्हानं, उष्णतेनं आणि घासून फिकं पडतं. पत्र्याच्या शेडमध्ये एक उन्हाळा गेला की रेघा पुसट. त्यामुळे आधी आजच छापलेलं ताजं लेबल स्कॅन करून बघा. ते पटकन वाचलं, तर पैसे रिबनवाल्या प्रिंटिंगवर घाला, स्कॅनरवर नको. हळदीच्या गोडाऊनमध्ये स्कॅनरच्या काचेवर पिवळी धूळ बसते, ती मऊ कापडानं पुसा. तासगावकडं बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये वेगळीच गंमत. थंड खोलीतून स्कॅनर बाहेर आणला की काचेवर दव धरतं आणि काही मिनिटं तो आंधळा होतो. मशीन बिघडलेलं नसतं.

आता खरोखर बदलायची वेळ कधी येते ते बघू.

बऱ्याच गोडाऊनमध्ये अजून लाल रेघेचे लेझर स्कॅनर आहेत. ते फक्त उभ्या रेघांचा बारकोड वाचतात. क्यूआर कोड त्यांना वाचता येत नाही, मोबाईलच्या स्क्रीनवरचा कोडही बहुधा नाही. किराणा मालावर साधारण जो १३ अंकी बारकोड असतो (भारतात नोंदणी केलेल्या कंपन्यांचा ८९० नं सुरू होतो), त्यातून फक्त वस्तू कोणती एवढंच कळतं. बॅच नंबर आणि एक्स्पायरी त्यात नसते.

समजा, तुम्हाला मिरजेत औषधांचं होलसेल सुरू करायचंय. १ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० औषध ब्रँडच्या पॅकिंगवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा आहे. त्यात औषधाचं नाव, कंपनी, बॅच, उत्पादनाची तारीख, एक्स्पायरी असा तपशील असतो. तुमच्या हातात जुना लेझर असेल, तर क्यूआर छापलेल्या पाकिटाची बॅच आणि एक्स्पायरी माणूस हातानं टाईप करणार. उद्या कंपनीनं एखादी बॅच परत मागवली आणि टाईप करताना एक अंक चुकलेला असला, तर तो माल कुठल्या दुकानात गेला ते तुम्हाला सापडणार नाही. इथं प्रश्न पेशंटचा आहे, नुसता स्टॉकचा नाही.

हातानं टाईप करण्यात आणखी एक मेख आहे. गोडाऊनच्या लेबलवर बऱ्याचदा कोड १२८ प्रकारचा बारकोड असतो. त्यातला तपासणीचा भाग रेघांमध्ये असतो, खाली छापलेल्या आकड्यांत नसतो. म्हणजे स्कॅन केलं तर चूक पकडली जाते, पण टाईप केलेली चूक निवांत आत जाते. वेळही बघा. दिवसाला १,५०० स्कॅन, त्यातला दहावा भाग फेल, प्रत्येकाला १५ सेकंद. रोजची ३७ मिनिटं गेली!

दुसरा प्रकार म्हणजे स्क्रीन आणि बटणं असलेले हँडहेल्ड. जुने असतील तर त्यात बहुतेक विंडोज असतं. मायक्रोसॉफ्टनं विंडोज एम्बेडेड हँडहेल्ड ६.५ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला बंद केला, एम्बेडेड कॉम्पॅक्ट २०१३ चा १० ऑक्टोबर २०२३ ला. मशीन चालू होतं हो, पण नवीन सॉफ्टवेअर त्यावर चढत नाही, आणि काही तर आजच्या वायफायच्या सुरक्षेलाही जोडले जात नाहीत. म्हणून सेकंडहँड बाजारात असा पीस स्वस्तात दिसला तर हात आखडता घ्या. तो स्वस्त का मिळतोय, याचं उत्तर वर आलंच.

मग घ्यायचं काय? माल टेबलापाशी येत असेल, तर वायरचा टू-डी इमेजर पुरे. तो कॅमेऱ्यासारखा फोटो काढून वाचतो, त्यामुळे रेघा आणि क्यूआर दोन्ही चालतात. कॉम्प्युटरला तो कीबोर्डसारखा दिसतो, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. रॅकपर्यंत चालत जायचं असेल तर वायरलेस घ्या, आणि रेंज नसली तर स्कॅन साठवून ठेवणारा. जागेवरच स्टॉक बघायचा, रॅक नंबर टाकायचा असेल तरच अँड्रॉइड हँडहेल्ड. त्याची किंमत साध्या स्कॅनरच्या कितीतरी पट असते, म्हणून सुरुवातीलाच ती उडी नको. दिवसाला पन्नास-शंभर स्कॅन असतील तर मोबाईलचा कॅमेराही चालतो, माझं स्पष्ट मत.

विकणाऱ्याकडं जाताना तुमची सगळ्यात खराब दहा लेबलं खिशात घेऊन जा. त्याच्या गुळगुळीत डेमो कार्डावर कुठलाही स्कॅनर वाचतो. बॅटरी वेगळी मिळते का, रिपेअर सांगली-कोल्हापुरात होतं की मशीन मुंबईला पाठवावं लागतं, हेही तिथंच विचारा. आठ दिवस मशीन बाहेर गेलं तर गोडाऊन कशावर चालवणार?

बदल करताना एक छोटी गोष्ट फार छळते. जुना स्कॅनर कोड वाचल्यावर आपोआप एंटर किंवा टॅब दाबत असतो. नव्याचं सेटिंग वेगळं असलं की कोड भलत्याच रकान्यात जातो. माहितीपत्रकात सेटिंगचे बारकोड असतात, त्यातला योग्य तो स्कॅन केला की काम होतं. कोडच्या सुरुवातीचं शून्य गळत नाही ना, तेही बघा. आठवडाभर एकाच रॅकवर जुनं-नवं दोन्ही चालवा आणि मोजणी जुळवा. हे काम मार्चएंडला किंवा बेदाण्याच्या ऐन सीझनला काढू नका. चार्जिंगची जागा भिंतीवर उंच ठेवा. २०१९ चा पूर बघितलेल्या सांगलीकरांना याचं कारण सांगायला नको.

जुना हँडहेल्ड काढून टाकण्याआधी त्यातली मोजणी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, मग डेटा पुसा. फुगलेली बॅटरी चार्जिंगला लावू नका आणि भंगारवाल्याच्या पोत्यातही टाकू नका. अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या आणि पावती घ्या.