बेडकाची तंगडी आणि पत्र्याची बादली

घरात पत्र्याची बादली असेल, तर ती उजेडात नेऊन नीट बघा बरं! राखाडी अंगावर चकाकत्या पाकळ्यांची नक्षी दिसते का? ती कुणी काढलेली नाही. लोखंडाचा पत्रा सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बुडवून वर काढला, की जस्त थिजताना त्याचे असे स्फटिक बनतात. या कामाला इंग्रजीत म्हणतात 'गॅल्व्हनायझिंग'. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो 'जीआय पत्रा' हाच.

गंमत म्हणजे हा शब्द ज्यांच्या नावावरून आला, त्या लुइजी गॅल्व्हानींनी पत्रा कधी जस्तात बुडवलाच नव्हता! ते इटलीतल्या बोलोन्या शहरात शरीररचनाशास्त्र शिकवायचे. मेलेल्या बेडकाची तंगडी पितळी आकड्याला अडकवून त्यांनी लोखंडी कठड्यावर टांगली, तर ती चक्क झटके देऊ लागली! 'प्राण्यांच्या शरीरात वीज असते,' असं त्यांनी १७९१ मध्ये छापून जाहीर केलं.

इटलीतलेच दुसरे शास्त्रज्ञ अलेस्सांद्रो व्होल्टा यांना ते पटेना. त्यांचं म्हणणं, वीज येते ती दोन वेगळ्या धातूंमुळे; तंगडीचं काम फक्त ओलाव्याचं. १८०० साली त्यांनी जस्ताच्या आणि चांदीच्या चकत्या एकाआड एक रचल्या, मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा घातला आणि बेडकाशिवाय बॅटरी तयार केली! आपल्या नसांमधून विजेचे संदेश धावतात हेही पुढे सिद्ध झालं. म्हणजे गॅल्व्हानींचंही खरंच होतं.

मग १८३७ मध्ये स्तानिस्लास सोरेल या फ्रेंच इंजिनिअरने लोखंडावर जस्त चढवण्याचं पेटंट घेतलं आणि त्या कामाला गॅल्व्हानींचं नाव दिलं. का? पत्र्यावर ओरखडा पडला आणि त्यात पावसाचं पाणी शिरलं असं समजा. दोन धातू आणि मधे ओलावा! लगेच इवलासा विद्युतप्रवाह सुरू होतो. त्यात जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला गंजू देत नाही.

करून बघायचंय? चार लिंबं घ्या. प्रत्येकात एक जीआय खिळा आणि एक तांब्याची तार खोचा. दोन्ही आतमध्ये एकमेकांना टेकू देऊ नका. एका लिंबाची तार पुढच्या लिंबाच्या खिळ्याला जोडत चला. शेवटी उरलेली तार लाल एलईडीच्या लांब पायाला आणि उरलेला खिळा आखूड पायाला जोडा. अंधाऱ्या खोलीत एलईडी मिणमिणताना दिसेल. त्या लिंबांचं सरबत मात्र करू नका हं, त्यांत जस्त उतरलेलं असतं!