करपल्याचा वास आजीला का आला नाही?

दूध उतू जाऊन करपलं, वास पार जिन्यापर्यंत गेला, आणि ओट्याशी उभ्या असलेल्या आजीला त्याचा पत्ताच नाही. घरचे म्हणतात, वय झालं, लक्ष राहत नाही. लक्ष असतं हो. वास येत नसतो. आणि तिची तीच तक्रार असते, ‘हल्ली कशालाच चव नाही.’ पदार्थाची चव म्हणून आपण जे म्हणतो त्यातला मोठा वाटा नाकाचा असतो. वास हळूहळू गेला की माणसाला तो गेल्याचं कळतही नाही. तो स्वयंपाकाला दोष देत राहतो.

हे सांगायचं कारण कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स. हात थरथरले की कंपवात आणि थरथरत नसतील तर नाही, हा समज फार पक्का आहे. नावातच कंप असल्यावर दुसरं काय होणार! पण बऱ्याच रुग्णांना सुरुवातीला थरथर नसतेच. हालचाली मंदावतात, अंग ताठरतं, अक्षर बारीक होत जातं, चालताना एक हात पुढेमागे हलत नाही.

1817 साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी या आजारावर निबंध लिहिला. त्यात त्यांनी नोंदवलं होतं की रुग्णाच्या संवेदना आणि बुद्धी शाबूत राहतात. त्यांच्यासारख्या बारकाईने पाहणाऱ्या डॉक्टरच्याही नजरेतून नाक निसटलं. आज आपल्याला ठाऊक आहे की बहुसंख्य रुग्णांची वास घेण्याची शक्ती कमी झालेली असते, आणि अनेकांची ती हालचाली बिघडण्याच्या कित्येक वर्षं आधीच कमी होऊ लागते. 2003 साली जर्मन शरीररचनातज्ज्ञ हाइको ब्राक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यामागचा क्रम मांडला. अल्फा-सिन्युक्लीन नावाच्या प्रथिनाच्या गाठी आधी मेंदूतल्या वासाच्या केंद्रात आणि मेंदूच्या खालच्या देठात दिसतात. हालचालींसाठी डोपामाइन पुरवणाऱ्या पेशींपर्यंत हा बिघाड नंतर पोचतो. प्रत्येक रुग्णात हाच क्रम असतो असं नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या: डोपामाइनची उणीव भरून काढणाऱ्या लेव्होडोपाच्या गोळीने चालणं सुधारतं, गेलेला वास मात्र परत येत नाही. म्हणजे वास जाण्याचं कारण निव्वळ डोपामाइनची कमतरता नाही.

हे वाचून कुणी घाबरू नये. वास गेला म्हणजे कंपवात होणारच, हा उलट बाजूचा गैरसमज. सर्दी, सायनस, कोविड, डोक्याला मार, वाढतं वय अशी कितीतरी कारणं असतात आणि बहुतेक वेळा वास जाण्यामागे कंपवात नसतो. मात्र वास जाण्याच्या जोडीला जुनी बद्धकोष्ठता असेल, झोपेत स्वप्नाबरोबर ओरडणं, हातपाय झाडणं असेल, तर मज्जासंस्थेच्या डॉक्टरांना हे सगळं एकत्र सांगावं. आणि कारण काहीही असो, अशा घरात गॅसगळतीची सूचना देणारं यंत्र बसवाच. सिलिंडरमधल्या वायूला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळतात, आणि या माणसांना नेमका तोच येत नाही.

वास आणि हालचाल यांचं नातं म्हातारपणापुरतं नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचा आवाज फुटलेला नसतो, मिसरूड नसते, आणि घरात धीर दिला जातो, ‘आमच्याकडे उशिराच होतं सगळं.’ पुष्कळदा ते खरंही असतं. पण त्या मुलाला जन्मापासून वासच येत नसेल तर कालमन सिंड्रोमचा विचार करावा लागतो. फ्रान्झ कालमन यांनी 1944 साली या आजाराचं आनुवंशिक रूप दाखवून दिलं. वयात येण्याचा इशारा देणाऱ्या पेशी गर्भात नाकाच्या भागात जन्मतात आणि वासाच्या मज्जातंतूंची वाट धरून मेंदूत जातात. ती वाटच नीट तयार झाली नाही, तर वासही नाही आणि वयात येणंही नाही. काही रुग्णांमध्ये हालचालीही वेगळ्या असतात: उजव्या हाताची मूठ वळली की डावीही आपोआप वळते. शाळेत त्यावर धांदरट असा शिक्का बसतो, आणि मला याचंच सर्वांत वाईट वाटतं.

असं मूल आपणहून तक्रार करत नाही, कारण वास म्हणजे काय हे त्याला माहीतच नसतं. मोगरा हुंगल्यावर आपण जे म्हणतो तेच तेही म्हणायला शिकलेलं असतं. म्हणून डोळे मिटायला लावून कॉफी, हिंग, संत्र्याची साल नाकाशी धरून विचारावं. ओळखता आलं नाही तर हार्मोनतज्ज्ञांकडे जावं. हार्मोनच्या उपचारांनी वयात येता येतं आणि पुढे अनेकांना मूलही होऊ शकतं.