रीलस्टारचा हिशेब

अंजनगाव सुर्जीच्या परिसरात कुणी संत्र्याच्या बागेचे आणि पानपिंपरीच्या लागवडीचे व्हिडिओ करतो, कुणी वऱ्हाडी बोलीत विनोदी रील टाकतो, कुणी घरबसल्या साड्यांच्या दुकानाची ओळख करून देते. त्यातून पैसा किंवा वस्तू मिळू लागली की कायद्याच्या नजरेत या सगळ्यांचे काम एकाच सदरात येते: धंदा किंवा व्यवसाय. यूट्यूबवर जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी साधारणपणे १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तासांचे प्रेक्षण लागते, शिवाय १०० डॉलर जमेपर्यंत रक्कम बँकेत येत नाही. म्हणजे पहिली रक्कम हाती पडते तेव्हा छंदाचे दिवस मागे पडलेले असतात. हिशेबाची वही त्याच दिवशी उघडावी.

शेतकरी कुटुंबांत एक समजूत घट्ट बसली आहे. शेतीला आयकर नाही, मग शेतीच्या व्हिडिओलाही नसेल, असे धरून चालतात. हे चूक आहे. संत्रा विकून आलेला पैसा शेती उत्पन्न, पण त्याच संत्र्याच्या बहाराचा व्हिडिओ दाखवून मिळालेला जाहिरातीचा पैसा शेती उत्पन्न नव्हे. दोन्ही एकाच खात्यात जमा होत असतील तर पुढे कोणता रुपया कुठला हे सांगता येत नाही. म्हणून व्हिडिओच्या कमाईसाठी वेगळे बचत खाते उघडणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी उपाय आहे.

दुसरी समजूत वस्तूंबद्दल. 'पैसे कुठे मिळाले, नुसता मोबाइल दिला' असे म्हटले जाते. व्यवसायातून मिळालेली वस्तूही उत्पन्नच असते आणि तिची बाजारातली किंमत हिशेबात धरावी लागते. १ जुलै २०२२ पासून आयकर कायद्यात कलम १९४आर आले. एका देणाऱ्याकडून एका आर्थिक वर्षात मिळालेल्या अशा लाभांची किंमत २०,००० रुपयांपुढे गेली, तर १० टक्के कर भरला गेल्याची खात्री करूनच देणाऱ्याने वस्तू हातात द्यायची असते. रील करून वस्तू कंपनीला परत केली तर तो लाभ धरला जात नाही. ठेवून घेतली तर धरला जातो. परत केल्याची पावती किंवा कुरिअरची चिठ्ठी त्यासाठी जपावी. मागील वर्षी एक कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या एकट्या मालकाच्या दुकानदारावर ही कपातीची जबाबदारी नाही. मात्र त्याने कर कापला नाही म्हणून त्याने दिलेली पैठणी करमुक्त ठरत नाही. कपात ही देणाऱ्याची जबाबदारी आहे आणि उत्पन्न दाखवणे ही घेणाऱ्याची.

समजा, एका यूट्यूबरला २०२५-२६ या आर्थिक वर्षात यूट्यूबकडून ५,४०,००० रुपये, गावातल्या दुकानदारांकडून ९०,००० रुपये आणि एका कंपनीकडून ५०,००० रुपयांचा कॅमेरा मिळाला. एकूण ६,८०,०००. इंटरनेट, प्रवास, संकलनाची मजुरी आणि साधनांचा घसारा मिळून खर्च १,६०,००० झाला, तर निव्वळ उत्पन्न ५,२०,००० उरते. नव्या करप्रणालीत चार लाखांपुढे उत्पन्न गेल्याने विवरणपत्र भरणे बंधनकारक. पण १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरील सवलतीमुळे प्रत्यक्ष कर शून्य. कॅमेऱ्यापोटी ५,००० रुपये कर भरला गेला असेल तर तो विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो. कर लागत नाही म्हणून विवरणपत्रच न भरणारे अनेक लहान निर्माते आपलेच पैसे सरकारजमा करून बसतात, आणि पुढे कॅमेऱ्यासाठी कर्ज मागायला गेल्यावर उत्पन्नाचा कागद नसतो तो वेगळाच.

जाहिरात संस्था मोबदला देताना सहसा १० टक्के कापते. पॅन दिला नसेल तर कपात २० टक्क्यांवर जाते. कापलेली रक्कम आयकर संकेतस्थळावरच्या २६एएस आणि वार्षिक माहिती विवरणात दिसते. २०२५-२६ या आकारणी वर्षाच्या विवरणपत्रांत सोशल मीडिया इन्फ्लुएन्सरसाठी १६०२१ हा स्वतंत्र सांकेतांक आला. १ एप्रिल २०२६ पासूनच्या आयकर कायदा २०२५ मध्ये कलमांचे क्रमांक बदलतात, तत्त्व तेच राहते. यूट्यूबला अमेरिकी कराविषयीची माहिती वेळेवर भरून दिली, तर फक्त अमेरिकेतील प्रेक्षकांमुळे झालेल्या कमाईवर १५ टक्के कपात होते. न दिल्यास साऱ्या जगातल्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत होऊ शकते. जीएसटीची नोंदणी सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांपुढे गेल्यावर लागते, आणि त्या २० लाखांत परदेशातून आलेली रक्कमही मोजली जाते. लहान निर्माता सहसा तिथवर पोहोचत नाही.

करापेक्षा अधिक दुर्लक्ष होते ते जाहिरात जाहीर करण्याकडे. ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम जून २०२१ पासून लागू आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि जानेवारी २०२३ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी सोप्या भाषेत पुस्तिका दिली. पैसे, फुकट वस्तू, सवलत, सहल, यांपैकी काहीही मिळाले असेल तर ते प्रेक्षकाला कळले पाहिजे. सूचना व्हिडिओच्याच भाषेत हवी: वऱ्हाडीत बोलणाऱ्या रीलवर ठळक 'जाहिरात' असे लिहावे. मजकुराच्या तळाशी, हॅशटॅगच्या गर्दीत टाकलेला शब्द चालत नाही. कौन्सिलच्या नियमांनुसार १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत ही सूचना किमान तीन सेकंद दिसावी, दोन मिनिटांपर्यंतच्या व्हिडिओत एक तृतीयांश वेळ, आणि त्याहून मोठ्या व्हिडिओत त्या वस्तूविषयीचा भाग चालू असेपर्यंत.

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २१ खाली १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. शिफारस करण्यावर आधी एक वर्ष आणि नंतर तीन वर्षांपर्यंत बंदीही येऊ शकते. दाव्याची योग्य ती शहानिशा केली होती हे दाखवता आले तर शिफारस करणारा दंडातून सुटतो. वऱ्हाडात याचा खरा कस लागतो तो फवारणीच्या औषधांत. कपाशीवर किंवा संत्र्यावर 'टॉनिक' मारा, उत्पन्न दुप्पट, असे सांगणाऱ्या रीलवर ओळखीचा शेतकरी विश्वास ठेवतो, कारण सांगणारा त्याच्याच तालुक्यातला असतो. कीटकनाशकांना १९६८ च्या कायद्याखाली नोंदणी लागते, आणि जैवउत्तेजके २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. कंपनीकडून नोंदणीचा कागद आणि दाव्याचा आधार लेखी मागावा. कागद न देणाऱ्या कंपनीची रील करू नये; बुडालेला हंगाम कोणत्याही मोबदल्याने भरून येत नाही. मधुमेह, कर्करोग यांसारख्या आजारांवर हमखास उपायाची जाहिरात तर १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याखालीच निषिद्ध आहे.

शेअर बाजाराचा सल्ला द्यायला सेबीची नोंदणी लागते. एप्रिल २०२४ मध्ये सेबीने पुण्याच्या रवींद्र भारती यांच्या संस्थेविरुद्ध, नोंदणीशिवाय सल्ला दिल्याच्या कारणावरून अंतरिम आदेश काढून सुमारे १२ कोटी रुपये जप्तीखाली आणले. त्यांच्या यूट्यूब वाहिन्यांपैकी एक मराठीतच होती. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांची जाहिरात त्याहून धोक्याची. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात अशी जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कारावास, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.

गाण्यांचे नियम वेगळे. इन्स्टाग्रामच्या संग्रहातले लोकप्रिय चित्रपटगीत स्वतःच्या रीलला लावता येते, दुकानाच्या जाहिरातीला लावण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. तिथे व्यावसायिक वापराची मुभा असलेले संगीत घ्यावे. आणि शिक्षक, पोलीस किंवा महसूल कर्मचारी असलेल्या निर्मात्याने मोबदला स्वीकारण्याआधी आपल्या कार्यालयाची लेखी परवानगी घ्यावी, कारण त्यांच्या वर्तणूक नियमांत पूर्वपरवानगीशिवाय खासगी धंदा करण्यास मनाई आहे.