नाव नसलेल्या मोटार-परीक्षकाने सुरुवात कुठून करावी?

मोटारगाडी चालवून पाहणे आणि तिचे गुणदोष लिहून किंवा कॅमेऱ्यासमोर सांगणे हा आता स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. अंधेरी, जोगेश्वरी, कुर्ला, घाटकोपर येथील गॅरेजवाल्यांच्या व स्पेअर पार्ट विकणाऱ्यांच्या घरांतील एखाद्या तरुणाला या धंद्यात पडावेसे वाटले, तर पहिली अडचण ठरलेली असते. नाव नाही म्हणून गाडी मिळत नाही आणि गाडी नाही म्हणून नाव होत नाही. ही गाठ कशी सुटेल, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

प्रथम धंद्याची रीत समजून घ्यावी. मोटार कंपन्या नव्या मॉडेलच्या काही गाड्या पत्रकारांसाठी राखून ठेवतात व त्या थोड्या दिवसांपुरत्या देतात. कोणाला द्यायची, हे कंपनीचा प्रसिद्धी विभाग ठरवतो. कंपनीला प्रसिद्धी हवी असते. म्हणून ज्याचे वाचक किंवा प्रेक्षक जास्त, त्याचा नंबर आधी. यात आकस नाही, सरळ हिशेब आहे. तेव्हा नवख्याने अर्ज-विनंत्यांत वर्ष घालवू नये.

या धंद्याचा इतिहासही काही शिकवतो. पूर्वी गिऱ्हाइकापुढे निवडच नव्हती. कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी, नाहीतर अँबेसेडर, आणि १९८३ पासून मारुती ८००. १९९१ नंतर बाजार खुला झाला, नवनवी मॉडेले आली आणि 'कोणती घ्यावी?' हा प्रश्न घरोघर निघाला. १९९८ मध्ये अदिल जाल दारूखानावाला यांच्या संपादकत्वाखाली 'ओव्हरड्राइव्ह' आणि १९९९ मध्ये होरमज्द सोराबजी यांच्या संपादकत्वाखाली 'ऑटोकार इंडिया' ही मासिके निघाली, ती याच काळात. सल्ल्याची गरज असलेले गिऱ्हाईक जिथे असते, तिथेच परीक्षकाला काम असते.

आज असे गिऱ्हाईक आपल्या शेजारीच आहे. साकीनाक्याचा फॅब्रिकेटर, बोरिवलीचा फळवाला, मुलुंडचा फर्निचरवाला यांना महागड्या गाडीचा वेग ऐकून काय करायचे आहे? २००५ मध्ये आलेला टाटा एस, म्हणजे आपला 'छोटा हाथी', किंवा २०१० ची मारुती ईको माल भरल्यावर किती अ‍ॅव्हरेज देते, क्लच प्लेट किती दिवस टिकते, तीन वर्षांनी विकली तर काय भाव येतो, हे त्यांना हवे असते. याची उत्तरे गॅरेजमध्ये आहेत आणि गाडीही ओळखीच्या मालकाकडे आहे. मालकाची परवानगी, चालू विमा आणि त्या वाहनाचे लायसन्स एवढे मात्र आधी पाहावे.

तपासणीत शिस्त हवी. कंपनी सांगते तो अ‍ॅव्हरेजचा आकडा प्रयोगशाळेत, गाडी रोलरवर चालवून काढलेला असतो. आपण टाकी पूर्ण भरावी, मीटरचा आकडा लिहावा, नेहमीच्या मालासह नेहमीच्या रस्त्यांवर गाडी चालवावी आणि त्याच पंपावर पुन्हा टाकी भरावी. २४० किलोमीटरला १६ लिटर लागले, तर अ‍ॅव्हरेज १५. सोबत किती माल होता, रस्ता कोणता, गर्दी किती, हेही लिहावे. एकाच गाडीवरून निकाल देऊ नये. त्याच मॉडेलच्या चार-पाच मालकांना व दोन उस्तादांना विचारावे.

शेवटची गोष्ट सर्वांत मोठी. थोडे नाव झाले की भेटवस्तू, फुकट प्रवास, पैसे पुढे येतात. जानेवारी २०२३ च्या सरकारी सूचनांप्रमाणे असा लाभ घेतल्यास तो लोकांना स्पष्ट सांगावा लागतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये दिशाभूल करणाऱ्या शिफारशीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. पण दंडापेक्षा मोठे नुकसान दुसरेच. आपल्या शब्दावर विसंबून कर्ज काढून टेम्पो घेणारा कारागीर फसला, तर तो दर महिन्याला हप्ता भरताना आपली आठवण काढील. ज्याच्या सल्ल्याने त्याचा हप्ता सुखाने फिटेल, त्या परीक्षकाचे नाव मात्र तो स्वतःच दहा जणांना सांगेल. कंपनीच्या यादीत जागा मिळवण्याचा याहून खात्रीचा रस्ता आम्हांला दिसत नाही.